मध्यस्थाने भागीदाराच्या बाजूने निकाल दिला तर?

तुमचा प्रश्न असा आहे : भागीदाराशी हिशेबावरून वाद चाललाय, वकील म्हणतात आधी मध्यस्थी करून पाहा, पण मध्यस्थाने त्याच्या बाजूने निकाल दिला तर? आणि आपण होऊन गेलो तर आपली बाजू लंगडी वाटणार नाही का?

मध्यस्थ निकाल देतच नाही. तुमची लवादाशी गल्लत होतेय. लवाद दोघांचं ऐकून निवाडा देतो आणि तो पाळावा लागतो. मध्यस्थीत मात्र तुमच्या सहीशिवाय काहीच ठरत नाही.

मी स्वतः अशा वादांत मध्यस्थ म्हणून बसतो. पहिल्या एकत्र बैठकीत दोघंही आपापली फाइल वाचून दाखवतात, थोडे आवाज चढतात, हाती फारसं लागत नाही. खरं काम नंतर, प्रत्येकाशी वेगळं बोलताना होतं. तिथे सांगितलेलं तुमच्या परवानगीशिवाय समोरच्याला कळत नाही. तिथे मी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो : आज जमलं नाही, तर पुढे काय? मग वकिलांची फी, अपील, अडकलेले पैसे असा हिशेब माणूस स्वतःच मांडू लागतो.

ओळख पुसून एक प्रसंग सांगतो. दोन भागीदार थकबाकीच्या आकड्यावरून दिवसभर भांडले. संध्याकाळी, वेगळं बोलताना, एक जण म्हणाला, ‘आकडा गेला खड्ड्यात, बँकेच्या कर्जाला मी दिलेल्या वैयक्तिक हमीतून मला सोडवा.’ दाव्यात ही मागणीच नव्हती, मग न्यायालय ती कुठून देणार? दुसऱ्याने हमीदार बदलायचं कबूल केलं आणि आकड्यावरचा हट्ट दोघांनीही सोडला.

बाजू लंगडी दिसण्याचं म्हणाल, तर प्रस्ताव वकिलामार्फत पाठवा, म्हणजे तो प्रश्नच उरत नाही. येताना मात्र निर्णय घेऊ शकणारा माणूस हवा. ‘विचारून सांगतो’ म्हणणारा आला की दिवस फुकट जातो. दावा दाखल करायची मुदत मध्यस्थीच्या काळात थांबते का, हेही वकिलाला विचारून ठेवा. सगळीकडे थांबतेच असं नाही. आणि भागीदार मालमत्ता विकून मोकळा होईल अशी धास्ती असेल, तर आधी न्यायालयातून मनाई मिळवा, मध्यस्थी नंतर.

तो परदेशी असेल, तर व्यापारी तडजोडीच्या अंमलबजावणीसाठी संयुक्त राष्ट्रांचा सिंगापूर करार आहे. ७ ऑगस्ट २०१९ ला ४६ देशांनी त्यावर सह्या केल्या, १२ सप्टेंबर २०२० पासून तो लागू झाला. पण नुसती सही पुरत नाही. जिथे वसुली करायची त्या देशाने करार रीतसर स्वीकारलेला असावा लागतो.

तडजोड झालीच, तर हप्त्यांच्या तारखा आणि हप्ता चुकला तर काय, हे कागदावर घ्या. कितीही उशीर झाला तरी सह्या करूनच उठा. ‘उद्या टाइप करून पाठवतो’ म्हणून गेलेल्यांपैकी काही जण दुसऱ्या दिवशी नवाच आकडा घेऊन आलेले मी पाहिलेत.