पेराकच्या सुलतानांची वंशावळ जुळत नसेल तर हे वाचा (लांबलंय, सॉरी)

ताई, राग मानू नका पण तुमची पोस्ट वाचून हसूच आलं. "दिवाळी अंकासाठी पेराकच्या सुलतानांवर लिहितेय, एकाच माणसाची दोन-दोन नावं येतायत, बाप कोण मुलगा कोण कळेना", अहो हे सहा वर्षांपूर्वीचं माझंच रडगाणं. तेव्हा आम्ही ईपोला, म्हणजे मलेशियातल्या याच पेराक राज्यात, राहायचो. मलाक्काच्या शेवटच्या सुलतानाच्या मुलाने १५२८ ला हे घराणं सुरू केलं वगैरे तुम्हाला माहीतच असेल, ते सोडते.

माझी घोडचूक म्हणजे मी "सुलतान अफीफुल्ला" नावाचा एक जास्तीचा राजा तक्त्यात बसवला. पेराकमध्ये सुलतान वारला की त्याला वेगळं नाव देतात, त्याआधी "मरहूम" लावून, आपल्याकडे उर्दूतून आलाय तोच शब्द. १९६३ ते ८४ गादीवर असलेले इद्रिस शाह तेच अफीफुल्ला, आणि २०१४ ला गेलेले अझलान शाह ते अल-मगफूर-लाह. मला हे ठाऊक नव्हतं, आणि त्याच नावाने मी एका ऑफिसात (नाव नाही घेत) वंशावळीच्या नकलेसाठी अर्ज केला. पाच महिने, चार ईमेल, फी भरलेली, आणि उत्तर काय तर असा कोणी सुलतान नाही, नाव दुरुस्त करून नवीन अर्ज करा. फी परत नाही, नवीन भरा! बरं, खिडकीवरच्या बाईंच्या मागेच भिंतीवर इद्रिस शाहांचा फोटो होता, त्या एका वाक्यात सांगू शकल्या असत्या. असो, अजून डोकं तापतं.

दुसरं म्हणजे "राजा" दिसला की राजा समजू नका. तिथे राजघराण्यातला कोणीही राजा, राजा मुडा म्हणजे युवराज. महाराजा लेला हा सुद्धा एका सरदाराचा हुद्दा (लेला म्हणजे आपली लीलाच), आणि लक्समाना म्हणजे लक्ष्मण, पण काम आरमारप्रमुखाचं. ब्रिटिश रेसिडेंट (सुलतानाला सल्ला द्यायला नेमलेला अधिकारी) बर्चला २ नोव्हेंबर १८७५ ला पासिर सालाकला नदीकाठच्या न्हाणीत भाल्याने मारलं, त्यात हाच महाराजा लेला फासावर गेला. मी पहिल्या खर्ड्यात "ब्रिटिशांनी पेराकच्या महाराजाला फाशी दिली" असं ठोकून दिलं होतं, संपादकांनी वाचवलं.

आणि बापामागे मुलगा हे डोक्यातून काढाच. अब्दुल जलील आणि इस्कंदर दोघे भाऊ, एकामागोमाग एक गादीवर. मग दुसऱ्या शाखेचे अब्दुल अझीझ, मग १९४८ ला जलीलचा मुलगा युसुफ, मग इस्कंदरचा मुलगा इद्रिस, मग पुन्हा युसुफचा मुलगा अझलान. शाखा आलटून पालटून येतात, आधी राजा दी हिलिर (युवराजाखालचा हुद्दा), मग राजा मुडा अशी पायरीपायरीने बढती असते.

पण माझ्या मते लेखाचा जीव १८७१ मध्ये आहे. पेराकचा दंडक असा की नवा सुलतान जाहीर झाल्याशिवाय जुन्याचं दफन नाही. सुलतान अली वारले आणि राजा मुडा अब्दुल्ला अंत्यविधीला आलाच नाही, मग सरदारांनी इस्माईलला बसवलं. अब्दुल्लाने सिंगापूरच्या ब्रिटिश गव्हर्नरला पत्र लिहिलं, जानेवारी १८७४ ला पांगकोरचा करार झाला, गादी मिळाली पण सोबत रेसिडेंट आला, आणि बर्चच्या खुनानंतर अब्दुल्लाची रवानगी थेट सेशेल्सला. एका मयताला न जाण्याची एवढी किंमत! २०१४ ला सुद्धा अझलान शाह २८ मे ला गेले आणि २९ ला नाझरिन शाह जाहीर झाले, दंडक अजून पाळतात.

बाकी राज्यांना हे नियम लावू नका हां, नेगेरी सेम्बिलानला तर चार उंडांग (तिथले सरदार) मिळून राज्यप्रमुख निवडतात. मी काही इतिहासकार नाही, चूकभूल द्यावी घ्यावी.

क्वाला कांगसारला गेलात तर उबुदिया मशीद बघा, बांधकाम चालू असताना हत्तींनी इटलीहून आणलेला संगमरवर तुडवला होता. आणि राज्यारोहणाच्या "नोबात"वर एक परिच्छेद घ्याच, ती आपली नौबतच, त्यातलं सेरुनाई म्हणजे सनईची बहीण, मराठी वाचकाला लगेच कळेल.

तक्ता झाला की इथे टाका, अब्दुल अझीझना कुठे बसवलंत ते बघायचंय मला.