ऑलिव्ह तेल, उंदीर आणि बीएस्सीनंतरची वाट

पत्र: मुलगी सांगलीत बीएस्सी बायोकेमिस्ट्रीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. नॅनोकणांमुळे (डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिसूक्ष्म कणांमुळे) उंदरांच्या यकृताला होणारी इजा ऑलिव्ह तेलाने कमी होते, असं तिने कुठेतरी वाचलं. तेव्हापासून ‘मी यातच संशोधन करणार’ हा एकच धोशा. तेलावर संशोधन करून पोट भरतं का? की सरळ एमबीएला घालू? – एक वडील

नमस्कार,

एमबीएचं तूर्त राहू द्या. मुलीला जे आवडलंय ते टॉक्सिकॉलॉजी, म्हणजे विषशास्त्र. तेल हा त्यातला एक छोटा कोपरा. औषधं, कीटकनाशकं, सौंदर्यप्रसाधनं बाजारात येण्याआधी त्यांची सुरक्षितता कुणीतरी तपासावीच लागते, आणि नोकऱ्या तिथे आहेत. टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी पूड वर्षानुवर्षं च्युइंगगम-मिठायांत होती. युरोपीय संघाने 2022 मध्ये ती खाद्यपदार्थांत बंद केली. त्यात नॅनो आकाराचे कणही असतात, हे त्यामागचं एक कारण.

असे कण पेशीत शिरले की मुक्त मूलकं, म्हणजे आसपासच्या रेणूंना इजा करणारे अस्थिर रेणू, वाढतात आणि पेशीच्या आवरणातली चरबी सडायला लागते. ऑलिव्ह तेलातलं हायड्रॉक्सीटायरोसॉल हे द्रव्य या मूलकांना आवरतं, असा तर्क. प्रयोगशाळेत यकृताचा तुकडा वाटून, त्यात थायोबार्बिट्युरिक आम्ल घालून तापवतात. सडलेल्या चरबीतून निघालेल्या द्रव्यांमुळे गुलाबी रंग येतो, तो 532 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात मोजायचा. गुलाबी जितका गडद, इजा तितकी जास्त. दिवसभर अशा नळ्या मोजण्याचा तिला कंटाळा येणार नसेल, तरच पुढे जावं.

तिला एक प्रश्न मात्र विचारा. ऑलिव्ह तेल कित्येक प्रयोगांत इतर रसायनं विरघळवायला ‘निरुपद्रवी’ माध्यम म्हणून देतात. मग नुसतं तेल दिलेल्या उंदरांचा वेगळा गट नसेल, तर निष्कर्षावर विश्वास किती ठेवायचा? यावर ती तासभर वाद घालू शकली, तर पोरगी या कामाची आहे. (आणि हे वाचून घरी महागडी बाटली आणू नका. उंदरावरचा निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लागू होत नाही, शिवाय रिफाइंड तेलात ही द्रव्यं फारशी उरतच नाहीत.)

वाट अशी: बायोकेमिस्ट्री किंवा टॉक्सिकॉलॉजीत एमएस्सी, मग सीएसआयआर-नेट ही राष्ट्रीय परीक्षा. तिच्यातून जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिप, मिळाली तर महिना 37,000 रुपये, वर घरभाडं. लखनौची भारतीय विषविज्ञान संशोधन संस्था याच विषयाची. पीएचडी नको असेल तर एमएस्सीनंतर चाचणी करणाऱ्या खासगी प्रयोगशाळा आहेत. सुरुवातीचा पगार बेताचाच असतो, हे आधीच सांगतो.

उंदराच्या घशात नळी घालून डोस देणं, शेवटी त्याचं यकृत काढणं सगळ्यांना झेपत नाही. न झेपलं तर नुसत्या पेशींवरही काम करता येतं. म्हणून अर्ज भरण्याआधी जवळच्या फार्मसी कॉलेजच्या फार्माकॉलॉजी (औषधांचे शरीरावरचे परिणाम अभ्यासणाऱ्या) विभागात परवानगी काढून तिला महिनाभर पाठवा, आणि मग मला पुन्हा लिहा.