लिडियाबाईंच्या काढ्यावर बायकांचा विश्वास का बसला?

प्रश्न : एकोणिसाव्या शतकात लिडिया पिंकहॅम बायकांच्या दुखण्यांवर ‘व्हेजिटेबल कंपाउंड’ नावाचा काढा विकत; त्यात चक्क अल्कोहोल होतं, असं वाचलं. तरी अमेरिकेतल्या बायका ते वर्षानुवर्षं घेत राहिल्या. इतक्या भोळ्या होत्या का त्या?

उत्तर : नाही, भोळ्या नव्हत्या. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, म्हणून आधी आमच्या पेशाचं सांगते. १८७२मध्ये जॉर्जियातल्या डॉ. रॉबर्ट बॅटी यांनी निरोगी बीजांडकोश काढून टाकायला सुरुवात केली. पाळीच्या दुखण्यापासून मानसिक त्रासापर्यंत अनेक कारणांसाठी हे ऑपरेशन होऊ लागलं आणि त्यात बायका दगावत. अशा डॉक्टरांपेक्षा एक डॉलरची बाटली बरी वाटली, तर दोष कुणाचा?

लिडियाबाई मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावच्या. १८७३च्या मंदीत नवऱ्याचा धंदा बुडाला, तेव्हा १८७५पासून त्या घरगुती काढा विकू लागल्या. त्यात मेथी, ब्लॅक कोहॉश अशा वनस्पती आणि सुमारे १८ ते २० टक्के अल्कोहोल. स्वतः दारूबंदीच्या बाजूच्या. काढा टिकावा म्हणून ते घालतो, असं सांगितलं जाई. पण दावे भयंकर होते. अंग बाहेर येण्यावर (म्हणजे गर्भाशय खाली सरकण्यावर) हमखास उपाय, गर्भाशयातल्या गाठी विरघळवणारं औषध! अंग बाहेर येतं ते आधार देणारे स्नायू आणि बंध सैल पडल्यामुळे. कुठलाही काढा ते परत ताणून बसवत नाही. आणि गाठ विरघळेल म्हणून थांबलेली बाई उपचाराची वेळच गमावून बसते.

मला सर्वांत जास्त चीड येते ती पत्रांची. ‘मिसेस पिंकहॅमना लिहा, तुमचं पत्र फक्त बायकाच वाचतील’ अशी जाहिरात असे. नवऱ्यालाही न सांगितलेलं बायका त्यात लिहीत. लिडियाबाई १८८३मध्येच वारल्या, तरी त्या प्रयोगशाळेत बसून सल्ला देतात असं भासवणं चालूच राहिलं. अखेर १९०५मध्ये ‘लेडीज होम जर्नल’ या मासिकाने त्यांच्या थडग्याचा फोटोच छापला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत अन्न आणि औषधांबाबतचा कायदा आला आणि अल्कोहोलचं प्रमाण लेबलवर लिहिणं सक्तीचं झालं. तरीही खप लगेच संपला नाही. बायकांचं दुखणं नीट ऐकून घेणारं दुसरं होतं कोण?

आणखी एक. ब्लॅक कोहॉश आजही पाळी जाण्याच्या काळातल्या त्रासासाठी विकलं जातं. ते घेणाऱ्या काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. तुम्ही घेत असाल, तर डॉक्टरांना जरूर सांगा. ‘वनस्पतीच तर आहे’ म्हणून गप्प राहू नका.