रेघ ताऱ्याची की वाटेतल्या वायूची?

प्रश्न: ताई नमस्कार, मी इंदूरला बीएस्सी सेकंड इयरला आहे. आमचे सर म्हणाले की ताऱ्यांच्या मधे धूळ आणि वायू आहे, ते स्पेक्ट्रममधल्या, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश रंगांत फोडल्यावर दिसणाऱ्या पट्ट्यातल्या, काळ्या रेघांवरून कळतं. पण अशा रेघा तर ताऱ्याच्या स्वतःच्या वातावरणानं पण पडतात ना? मग कुठली रेघ कुणाची हे कसं ओळखायचं? रात्री गच्चीवर आजोबा पण हेच विचारतात.

उत्तर: अगं किती नेमकं विचारलंस, खरी अडचण हीच होती. थंडीत आजोबांना मृग दाखव, त्याच्या पोटात घुसलेल्या बाणाचे तीन तारे, त्यातला सगळ्यात आधी उगवतो तो मिंटाका. तो खरं तर जोडतारा आहे, म्हणजे एकमेकांभोवती फिरणारे तारे, 5.7 दिवसांत एक फेरी, त्यामुळे तारा आपल्याकडे येताना त्याच्या रेघा निळ्याकडे सरकतात आणि लांब जाताना लालकडे. 1904 मध्ये जर्मनीत पॉट्सडामला हार्टमान या खगोलशास्त्रज्ञाला दिसलं की बाकी रेघा हलतायत पण कॅल्शियमची 393.4 नॅनोमीटर तरंगलांबीची रेघ जागची हलतच नाही! बसमधून बाहेर बघताना झाडं सरकतात पण काचेवरचा डाग तिथंच राहतो ना, तसंच हे, म्हणजे ती रेघ ताऱ्याची नाही, वाटेतल्या वायूची.

दुसरी खूण रेघेची जाडी. असल्या तापलेल्या ताऱ्याच्या रेघा पसरट असतात, आणि मधला वायू थंड म्हणून त्याची रेघ अगदी बारीक, कधी कधी तर जवळ जवळ दोन-तीन रेघा दिसतात, वेगवेगळ्या वेगाचे तितके ढग वाटेत आहेत म्हणून.

धुळीचं मात्र वेगळं. ती निळा प्रकाश जास्त अडवते, लाल कमी, म्हणून तारा आहे त्यापेक्षा लालसर दिसतो. आता आहे त्यापेक्षा म्हणजे कशापेक्षा? तर ताऱ्याच्या स्वतःच्या रेघांवरून त्याचं तापमान कळतं, त्यावरून खरा रंग कळतो, आणि जो फरक उरला तो धुळीचा. (मला स्वतःला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो.) 1930 मध्ये ट्रम्प्लरनं तारकागुच्छांवरून दाखवलं की धूळ सगळीकडे पसरलीय, कारण लांबचे गुच्छ हिशोबापेक्षा मंद दिसत होते.

आणि एक कोडं तर अजून पुरतं सुटलेलं नाही. 1922 मध्ये मेरी हेगरनं ताऱ्यांच्या स्पेक्ट्रममध्ये 578 नॅनोमीटरच्या आसपास काही रुंद काळे पट्टे नोंदवले, तसे आता 500 च्या वर सापडलेत, आणि त्यातल्या मोजक्याच पट्ट्यांचा मालक पक्का कळलाय, तो म्हणजे कार्बनच्या 60 अणूंचा फुटबॉलसारखा रेणू, एक इलेक्ट्रॉन गमावलेला, तेही 2015 मध्ये लॅबमध्ये मोजल्यावर. बाकीचे कुणाचे ते अजून शोधतायत.

तुमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये सोडियम लँप असेल तर ग्रेटिंगमधून (प्रकाश रंगांत फोडणाऱ्या बारीक रेघांच्या काचेतून) बघ, 589.0 आणि 589.6 नॅनोमीटरच्या दोन पिवळ्या रेघा शेजारी शेजारी दिसतील. ताऱ्यांमधल्या सोडियमच्या काळ्या रेघा जवळजवळ याच जागी पडतात, आणि त्या पण न हलणाऱ्या आहेत हे हेगरनंच दाखवलं.