अमेरिकेत फोन बदलताना लागणारी अपग्रेड फी

नवीन फोन घेतल्यावर पहिल्याच बिलात ३५ डॉलर किंवा त्याहून जास्त रक्कम जादा दिसली, तर तो सरकारी कर समजू नका. ती मोबाइल सेवा देणाऱ्या कंपनीची स्वतःची फी आहे. व्हेरायझन या मोबाइल कंपनीने २०१२ मध्ये ती ३० डॉलरपासून सुरू केली. फी प्रत्येक लाइनला, म्हणजे प्रत्येक नंबरला, वेगळी लागते, म्हणून घरातले चार फोन एकदम बदलले की आकडा चौपट होतो. त्यात 'फुकट' फोनलाही सूट नसते, याचा राग येणं अगदी रास्त आहे.

टाळायची खात्रीची वाट म्हणजे ॲपल, गूगल किंवा सॅमसंगकडून अनलॉक्ड, म्हणजे कुठल्याही मोबाइल कंपनीला न बांधलेला, फोन घ्या आणि सिम स्वतः हलवा. आयफोनवर सेटिंग्ज, सेल्युलर, ॲड ई-सिम, मग जवळच्या आयफोनवरून ट्रान्सफर. दोन्ही फोन चार्ज केलेले आणि वायफायवर हवेत. नंबर नव्या फोनवर चालू होईपर्यंत जुना फोन पुसू नका. खरेदीच्या पानावर 'कॅरियरशी (मोबाइल कंपनीशी) जोडा' निवडलंत तर मात्र फी लागू शकते; तिथे अनलॉक्डच निवडा.

कंपनीची ऑफर घ्यायचीच असेल तर हिशोब आधी करा. सूट एकदम नाही, तर २४ किंवा ३६ महिन्यांच्या क्रेडिटमध्ये, म्हणजे दर महिन्याच्या बिलातून थोडी थोडी वजा होऊन मिळते. मध्येच सोडलंत की उरलेलं क्रेडिट जातं आणि फोनची बाकी एकदम भरावी लागते.

फी माफ करतो असं कोणी म्हणालं तर चॅटवर लिहून घ्या, स्क्रीनशॉट ठेवा. तरीही लावलीच, तर एफसीसीकडे, म्हणजे अमेरिकेच्या दूरसंचार नियामक संस्थेकडे, ऑनलाइन तक्रार करा. ती विनाशुल्क असते आणि कंपनीला ३० दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं.