पेपरांच्या मधल्या गॅपमध्ये मुलं हॉस्टेलवर सिनेमे बघतात, ते बंद करावं का?

प्रश्न विचारणाऱ्या ताईंनी लिहिलंय की त्यांचा मुलगा गोव्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि हॉस्टेलवर राहतो. दोन पेपरांच्या मध्ये तीन-चार दिवस मिळाले की पाच-सहा जण जमून लॅपटॉपवर सिनेमा लावतात. मुलाचे वडील आता म्हणतायत, रविवारी जातो आणि लॅपटॉपच घरी घेऊन येतो.

ताई, त्यांना जाऊ देऊ नका. बाकीचं उत्तर वाचलं नाहीत तरी चालेल, पण एवढं ऐका.

२००५ च्या नोव्हेंबरची अखेर. मीही दुसऱ्या वर्षाला होतो, फोंडा तालुक्यातल्या एका कॉलेजात. तिकडे पणजीत इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, चालू होता. आदल्याच वर्षी तो महोत्सव गोव्यात आला होता आणि कांपालच्या जुन्या गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) आवारात नवंकोरं मल्टिप्लेक्स उभं राहिलं होतं. मांडवीच्या काठाने रोषणाई, जगभरातून लोक सिनेमे बघायला येतायत, आणि आमची सेमिस्टरची परीक्षा नेमकी त्याच दिवसांत. आजही साधारण तसंच आहे, नोव्हेंबरच्या उत्तरार्धात इफ्फी आणि त्याच्याच आसपास पेपर. सगळा गोवा सिनेमा बघत असताना इंजिनिअरिंगच्या पोरांनी तेवढं डोळे मिटून बसावं, ही अपेक्षा मला तेव्हाही पटली नव्हती आणि आजही पटत नाही.

पणजीला जाऊन तिकीट काढण्याइतके पैसे आमच्याकडे नसत आणि संध्याकाळचा खेळ बघितला तर परतीच्या बसची मारामार. त्यामुळे आमचं थिएटर म्हणजे माझी खोली. मजल्यावर एकच कॉम्प्युटर होता, तो माझा. बाबांनी प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढून घेऊन दिलेला. बाबा सत्तरी तालुक्यात मराठी प्राथमिक शाळेत मास्तर होते, घर वाळपईजवळ. त्यांच्या पगारात ती वस्तू केवढी मोठी होती हे मला तेव्हाही कळत होतं.

पंधरा इंची जाडजूड मॉनिटर, दोन खाटा जोडून केलेली बाल्कनी, पुढे जमिनीवर चटई, आणि जागा न मिळालेला एक जण उलट्या बादलीवर. खिडकीला चादर. दाराच्या फटीत ओला टॉवेल, म्हणजे रेक्टर फिरायला निघाले तरी बाहेर उजेड दिसू नये. सिनेमा बाजारातल्या दुकानातून भाड्याने आणायचा, व्हीसीडीवर. आताच्या मुलांना सांगावं लागतं, व्हीसीडीच्या एका डिस्कवर जेमतेम सव्वा तास मावायचा, म्हणून हिंदी सिनेमा दोन डिस्कमध्ये यायचा, लांब असला तर तीन.

त्या डिस्क बदलण्याच्या वेळेबद्दल मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण बाहेरच्या माणसाला हॉस्टेलचा सिनेमा म्हणजे नुसती ऐश वाटते. पहिली डिस्क संपली की दिवा लागायचा. कोणी तरी बादलीतली कॉइल काढून पातेल्यात चहाचं पाणी ठेवायचा. आणि या दहा-पंधरा मिनिटांत पोरं अभ्यासाचं बोलायची, कोणी न सांगता. दिवसभर एकट्याने पुस्तकात डोकं घालून जे अडलेलं असतं ते तेव्हा बाहेर पडायचं. गणितातल्या लाप्लास ट्रान्सफॉर्ममधला शिफ्टिंगचा नियम मला सिव्हिलच्या एका मित्राने असाच शिकवला, व्हीसीडीच्या रिकाम्या कव्हरवर, पेन उमटत नव्हतं म्हणून दाबून दाबून लिहीत. वर्गात सहा तास ऐकून जे कळलं नव्हतं ते चहा उकळेपर्यंत कळलं. कारण मन मोकळं झालेलं होतं आणि शिकवणारा माझ्याच वयाचा होता.

आता तो दिवस. गणिताच्या पेपरला तीन दिवस होते. सकाळपासून सगळे वाचत होते. दुपारी मेसमध्ये शीत-कडी, म्हणजे भात-आमटी, जेवून झालं आणि अकरा जण माझ्या खोलीत जमले. खुनाचं रहस्य असलेला सिनेमा होता. पहिली डिस्क झाली, चहा झाला, दुसरी निम्म्याहून जास्त झाली, आणि दारावर थाप पडली. रेक्टर समजून एकाने झटकन मॉनिटर बंद केला, पण स्पीकर चालूच राहिले. दार उघडलं तर बाबा. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात आईने दिलेली पिशवी, तीत सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किस्मूर, म्हणजे खोबरं घालून केलेलं कोरडं तोंडीलावणं, आणि रव्याचे लाडू. काळ्या मॉनिटरमागून पावसाचा आणि कुणा बाईच्या रडण्याचा आवाज येत होता आणि खोलीत अकरा पोरं उभी. बाबांनी पिशवी टेबलावर ठेवली आणि मला म्हणाले, "वायरी काढ."

एवढंच बोलले. मी टेबलाखाली वाकून मागचे स्क्रू फिरवायला लागलो. मॉनिटरच्या निळ्या प्लगचा एक स्क्रू फिरेना, बोटं घसरत होती, आणि मागे दहा मित्र गप्प उभे. त्या स्क्रूला लागलेला अर्धा मिनिट मी वीस वर्षं विसरलेलो नाही. माझ्याच सोलापुरी चादरीत सीपीयू गुंडाळून बाबा स्टँडवर निघाले, मी मागोमाग. वाळपईच्या बसमध्ये त्यांनी तो मांडीवर घेतला. कंडक्टरने लगेजचं तिकीट मागितलं, ते त्यांनी मुकाट्याने काढलं. तेव्हा खाणी जोरात होत्या, उसगाव-तिस्कवरून जाणारी बस खनिजाच्या ट्रकांच्या रांगेत हमखास अडकायची. त्या धुळीत, मांडीवर ते ओझं घेऊन बाबा किती वेळ बसले असतील, याचा विचार मी पुष्कळ वर्षांनी केला. त्या दिवशी नाही केला.

पुढचे तीन दिवस मी एक पान वाचलं नाही. पुस्तक उघडलं की दहा जणांसमोर वाकून स्क्रू काढणारा मी दिसायचो. मित्र खोलीत येईनासे झाले. त्यांना वाटायचं मला वाईट वाटेल, आणि मला वाटायचं ते चिडलेत. दुकानदाराने दुसऱ्या डिस्कचे पूर्ण पैसे लावले, कारण ती डिस्क सीपीयूबरोबर वाळपईला गेली होती. ते आम्ही अकरा जणांनी वाटून भरले. गणितात मला २७ मिळाले, पास व्हायला ४० लागायचे. घरी निकाल कळला तेव्हा बाबा म्हणाले, "सिनेमा बघितल्यावर दुसरं काय होणार?"

हे वाक्य मी तेव्हापासून दर गणेशचतुर्थीला ऐकत आलोय. पाहुणे जमले, कोणाच्या मुलाच्या मार्कांचा विषय निघाला की बाबा माझं उदाहरण देतात. मी आज वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत चांगल्या पदावर आहे, तरी देतात. म्हणून इथे स्पष्ट लिहितो. त्या खोलीत सिनेमा बघणारे आम्ही अकरा जण होतो. नऊ जण त्या गणितात पास झाले आणि त्यातला एक वर्गात पहिला आला. सिनेमा सगळ्यांनी सारखाच बघितला होता. कॉम्प्युटर फक्त माझा गेला होता.

आणि बाबांनी हे म्हणावं याचं मला जास्त लागतं. गावच्या जत्रेच्या नाटकात ते वीस-पंचवीस वर्षं काम करत होते. रात्री अकराला नांदी, पहाटे भैरवी, आणि सकाळी आंघोळ करून शाळेत हजर. आत्या सांगते, मॅट्रिकच्या परीक्षेच्या आदल्या आठवड्यात बाबा ऐतिहासिक नाटकाच्या तालमीला जायचे आणि आजोबा त्यांच्यासाठी कंदील घेऊन देवळाच्या पायरीवर बसून राहायचे. आजोबांनी कंदील धरला. नाटकाने बाबांचा अभ्यास बिघडला नाही, उलट पाठांतर पक्कं झालं असं ते स्वतःच सांगतात. मग रात्रभराचं नाटक म्हणजे संस्कार आणि दुपारचा अडीच तासांचा सिनेमा म्हणजे वाया जाणं, हा हिशेब कोणता? मी हे त्यांना तोंडावर विचारलंय. ते म्हणतात, "नाटक आम्ही करायचो, तुम्ही नुसतं बघत होतात." याला माझ्याकडे आजही उत्तर नाही, पण म्हणून ते बरोबर ठरत नाहीत.

गेल्या चतुर्थीला माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात त्या चौकटीचं, सामान काढायला माळ्यावर चढलो तर तो सीपीयू त्याच चादरीत तसाच होता. खाली आणला. सीडीच्या खणाला पुढे एक बारीक भोक असतं, त्यात कागदाची पिन सरळ करून घातली की वीज नसतानाही खण बाहेर येतो. आला. आत दुसरी डिस्क. बाबा शेजारी उभे होते. म्हणाले, "ही त्या दिवसाची?" हो म्हटलं. "किती राहिला होता?" मी म्हटलं, अर्धा तास असेल. थोडा वेळ ते डिस्ककडे बघत राहिले आणि म्हणाले, "मग तसं सांगायचं होतंस." घरात आम्ही कोकणीत बोलतो, मी इथे मराठीत लिहितोय, पण शब्द हेच. मी काही बोललो नाही. सांगायला तोंड उघडलं होतं, हे त्यांना आठवत नाही.

असो, ताईंच्या प्रश्नाकडे येतो. दोन-तीन दिवसांच्या गॅपमध्ये एक सिनेमा बघितल्याने काहीही बिघडत नाही. पेपर झाला त्या संध्याकाळी तर बघावाच, कारण त्या दिवशी पुस्तक हातात घेऊनही डोक्यात काही जात नाही. फक्त वेबसिरीज नको. सिनेमा संपतो. आम्हाला तर तो मध्येच थांबायचा, उठून डिस्क बदलावी लागायची. सिरीजमध्ये पुढचा भाग आपोआप सुरू होतो, हात लावावा लागतो तो थांबवायला, आणि रात्री दीड वाजता एकोणीस वर्षांच्या मुलाचा हात तिथे जात नाही. पेपरच्या आदल्या रात्री काहीच नको. त्या रात्री झोप हवी. वाचलेलं झोपेतच डोक्यात बसतं, हे आता सगळे डॉक्टर सांगतात.

एक गोष्ट मात्र आधीच लिहायला हवी होती. आमच्या मजल्यावर एक मुलगा होता जो खरोखरच सिनेमात बुडाला. तो आमच्यात कधी बसायचा नाही. पुढे त्याने स्वतःचा कॉम्प्युटर घेतला आणि दार लावून, कानात हेडफोन घालून एकटाच बघायचा. मेसला यायचा बंद झाला, दिवसा झोपायचा, पेपरला बसला नाही. त्याचं वर्ष गेलं आणि नंतर तो कॉलेजच सोडून गेला. पण तो सिनेमामुळे तसा झाला असं मला वाटत नाही. तो आधी एकटा पडला होता आणि आम्ही कोणी त्याचं दार वाजवलं नाही. तुमचा मुलगा चौघांबरोबर बघत असेल तर काळजी करू नका. एकटा बघत असेल, जेवण चुकवत असेल, फोन उचलत नसेल, तर मात्र जा, आणि लॅपटॉपविषयी चकार शब्द काढू नका.

आणि खरं लिहायचं तर तेही लिहितो, माझं गणित आधीपासूनच कच्चं होतं. ते तीन दिवस नीट गेले असते तरी मला चाळीस-बेचाळीसच पडले असते, साठ नाही. पण चाळीस पुरे होते.

तुमच्या यजमानांना रविवारी जायचंच असेल तर जाऊ द्या, पण आधी फोन करून. काय बघतोयस, कसा आहे, असं विचारू द्या त्यांना, आणि मुलगा सांगायला लागला की मध्ये बोलू नका म्हणावं. खाऊ नेताना खोलीतल्या सगळ्यांना पुरेल एवढा न्या. आईने दिलेली किस्मूर त्या रात्री माझ्या मित्रांनी भाताबरोबर संपवली, मी दार लावून पडलो होतो. तिची चव कशी झाली होती, हे मला त्यांनीच दुसऱ्या दिवशी सांगितलं.