घरसंसार सांभाळून मिशनकार्यात कसा भाग घ्यावा?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. सासूबाई सत्तरीच्या पुढे, मुलगा बारावीला, तुमची शाळेतली नोकरी. मग चर्चच्या मिशनसेवेसाठी निवृत्तीपर्यंत थांबावं का? मुळीच थांबू नका. वयाप्रमाणे काम बदलतं, एवढंच.

सुरुवात सासूबाईंपासून करा. बायबलमध्ये प्रेषित पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याच्या विश्वासाबद्दल लिहितो, तेव्हा आधी त्याच्या आजीचं, लोईसचं नाव घेतो. सासूबाईंना घराबाहेर पडणं जमत नसेल, तर तुमची मंडळी (चर्च) ज्या सेवकांना मदत करते त्यांना अधूनमधून फोन करा, नेमकी अडचण विचारा आणि सासूबाईंना सांगा. ‘सर्व सेवकांना आशीर्वाद दे’ यापेक्षा ‘त्यांच्या धाकटीचा ताप उतरू दे’ ही प्रार्थना रोज मनापासून होते. सेवेला वय आड येत नाही: पंडिता रमाबाई 1922 मध्ये, वयाच्या 63व्या वर्षी वारल्या. अगदी शेवटपर्यंत त्या बायबलच्या मराठी भाषांतरात गुंतलेल्या होत्या.

तुम्ही इंदूरच्या, तेव्हा लांब जायची गरजच नाही. एम.वाय. या सरकारी रुग्णालयाच्या आवारात एकदा जाऊन या. झाबुआ, अलीराजपूर, बडवानीकडची आदिवासी कुटुंबं येतात. पेशंट आत वॉर्डात, बाकीचे बाहेर चादर अंथरून. हातात तीन-चार पर्च्या असतात, पण रक्ताची कुठली, एक्स-रेची कुठली हे कळत नाही आणि त्या गर्दीत विचारायचा धीर होत नाही. तुम्ही शिक्षिका आहात. पर्ची वाचून दाखवा, खिडकीपर्यंत सोबत चाला, आत गेलेल्या बाईचं मूल घटकाभर सांभाळा. परीक्षा आटोपली की मुलालाही न्या. भिली या त्यांच्या बोलीतले चार शब्द शिकला तर लोक मोकळेपणानं बोलतील. 18 पूर्ण झाल्यावर त्याला रक्तदानही करता येईल.

एक मात्र ठाम सांगते: मदतीला कसलीही अट जोडायची नाही. आमिष किंवा दबाव दाखवून धर्मांतर करणं मध्य प्रदेशच्या 2021 च्या कायद्याने गुन्हा आहेच, पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. खाटेवर पडलेल्या माणसाच्या लाचारीत प्रचार करणं ही प्रभूची रीत नव्हे. त्यांनी आपणहून विचारलं, ‘तुम्ही का येता?’ तर न लपवता खरं सांगा.

पैशाची ओढाताण असेल तर मिझोरामकडे बघा. 1910 पासून तिथल्या बाया स्वयंपाकाचे तांदूळ काढताना एक मूठ बाजूला ठेवतात. मंडळी ते गोळा करून विकते आणि पैसा मिशनला जातो. तुम्हीही स्वयंपाकघरात एक डबा ठेवा, नातवाच्या हातानं मूठ टाकायला आजीला आवडेल.

नोकरी सोडायचा विचार आत्ता नको. पौलानं करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू करून पोट भरलं आणि सुवार्ताही सांगितली. येत्या रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांशी बोला, महिला मंडळातली एखादी मैत्रीण सोबत घ्या आणि रुग्णालयात काम सुरू करण्याआधी तिथली परवानगी घ्या.